तारे मोजले, आयुष्य कोण मोजणार?

एखादी कंपनी पर्यावरणाची किती काळजी घेते, हे आपण तिच्या कारखान्याच्या आवारात पाहतो. पाहायला हवे ते तिच्या वस्तूच्या रचनेत. 'सेबी'च्या नियमानुसार आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो. वीज किती लागली, पाणी किती वापरले, कचरा किती निघाला, ही माहिती त्यात सक्तीची आहे. मात्र कच्च्या मालापासून भंगारापर्यंत आपल्या उत्पादनाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, हे तपासले का, या प्रश्नाचे उत्तर ऐच्छिक आहे. त्यामुळे छतावर सौर पॅनेल लावणाऱ्या आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीची वस्तू दोन वर्षांत भंगारात गेली, तरी अहवाल देखणाच राहतो.

साधा छताचा पंखा घ्या. १ जानेवारी २०२३ पासून पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले. जुन्या पद्धतीचा पंखा ७०-८० वॅट घेतो, 'बीएलडीसी' मोटरचा साधारण ३०. रोज बारा तास चालला, तर वर्षाला दोनशेच्या आसपास युनिट वाचतात. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण जुना पंखा अडला की गल्लीतला इलेक्ट्रिशियन कपॅसिटर बदलतो, बेअरिंग घालतो, कॉइल जळली तर रिवाइंडिंग करून आणतो. नव्या पंख्याचा सर्किट बोर्ड गेला, की मोटर, पाती, दांडा सगळे शाबूत असूनही पंखा थांबतो, कारण बोर्ड सहसा त्याच मॉडेलचा लागतो. तो किती वर्षे मिळेल आणि केवढ्याला, याबद्दल तारे गप्प आहेत. ई-कचऱ्याच्या नियमांतही पुनर्चक्रीकरणाचे लक्ष्य वजनात मोजले जाते. वस्तू मोडल्यावरचा हिशेब त्यात येतो, ती मोडायला नको होती याचा येत नाही.

हे मोजता येत नाही, असे मात्र नाही. फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर दहापैकी दुरुस्तीचे गुण छापणे बंधनकारक केले. दुरुस्तीची माहिती, उघडण्याची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि त्यांची किंमत हे त्यातले मुख्य निकष. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने २०२५ मध्ये मोबाइलसारख्या वस्तूंसाठी असा निर्देशांक सुचवला आहे.

उद्योगांचे आक्षेप सगळेच पोकळ नाहीत. उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्याचा शास्त्रीय अभ्यास खर्चिक असतो आणि भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकाला तो झेपणार नाही, हे खरे. पण वस्तू स्क्रूने जोडली की गोंदाने, बोर्ड किती मिनिटांत निघतो, त्याची किंमत नव्या वस्तूच्या किती टक्के, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. वस्तू जलरोधक करायची तर ती चिकटवावीच लागते, असेही म्हटले जाते. काही ठिकाणी ते बरोबर असेल. पण सुटा भाग महाग ठेवायला पाण्याचे कारण पुरत नाही. जुनी वस्तू टिकवण्यापेक्षा कमी वीज खाणारी नवी घेणे चांगले, हा युक्तिवाद जुन्या पंख्याला लागू पडतो. नव्या पंख्यात तोच उलटतो, कारण तिथे बोर्ड बदलला की वीजबचतही टिकते आणि पंखाही. राहता राहिला ग्राहक फक्त किंमत पाहतो हा दावा. एसी आणि फ्रीजच्या दुकानात आज लोक तारे विचारून खरेदी करतात. माहिती डोळ्यांसमोर आली की ती विचारात घेतली जाते.

कंपनीने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे म्हटले, की ते फुगण्याची भीती असतेच. त्यावर बाजारातून नमुने उचलून तपासणी हा उपाय आहे आणि तारांकनासाठी ब्युरो तो वापरतोही. म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात: 'सेबी'ने ऐच्छिक प्रश्न निदान मोठ्या उत्पादक कंपन्यांना सक्तीचा करावा आणि ताऱ्यांच्या लेबलवरच दुरुस्तीचे गुण व सुटे भाग मिळण्याची वर्षे छापली जावीत. रचनाकाराच्या टेबलावर आज किंमत आणि वॅट हे दोनच आकडे असतात. तिसरा आकडा सक्तीने आला, तरच तो रचनेत उतरेल.