तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर : तुमच्या घरातल्या रुग्णाला उपयोग आहे का?

“डॉक्टर, बाबांची बॅटरी संपत आलीय. तो नवा बारीक पेसमेकर येईपर्यंत थांबू का?” हा प्रश्न हल्ली मला विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे : थांबू नका.

बातमी काय आहे?
अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये ३.५ मिमी लांब, १.८ मिमी रुंद आणि १ मिमी जाड पेसमेकरची माहिती प्रसिद्ध केली. त्यात नेहमीची बॅटरी नाही. दोन वेगळे धातू शरीरातील द्रवात भिजले की वीज तयार होते. लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचण्याचा शाळेतला प्रयोग आठवा, तत्त्व तेच. छातीवरचा पॅच ठोक्यातला बिघाड ओळखतो आणि अवरक्त प्रकाशाने पेसमेकर चालू करतो. काम झाल्यावर तो शरीरातच विरघळतो.

मग थांबायचे का नाही?
कारण तो तात्पुरता आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतर, विशेषतः तान्ह्या बाळांना, काही दिवस आधार देण्यासाठी तो बनवला आहे. आज त्यासाठी बसवलेल्या तारा नंतर ओढून काढाव्या लागतात आणि त्यात रक्तस्रावाचा धोका असतो. शिवाय, या संशोधनातील चाचण्या प्राण्यांवर आणि दात्यांच्या हृदयांवर झाल्या आहेत.

कायमच्या पेसमेकरचे काय?
१९५८ मध्ये स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासच चालला. आजचे साधारण ८ ते १२ वर्षे चालतात. याचे श्रेय लिथियम बॅटरीइतकेच कमी वीज खाणाऱ्या सर्किटना आहे. मात्र बॅटरी सीलबंद असल्याने ती संपताना छातीतली पूर्ण डबी बदलावी लागते. तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात.

तुम्ही काय कराल?
- डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तपासणी करा. बॅटरी संपण्याच्या काही महिने आधी यंत्र तशी सूचना देते.
- चक्कर, बेशुद्धी किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागल्यास तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा.
- मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंमी दूर ठेवा, शर्टाच्या खिशात नको.
- पेसमेकरचे कार्ड जवळ बाळगा.

नव्या शोधाचा आनंद जरूर माना; पण बाबांची तारीख पुढे ढकलू नका.