तेरड्याची चुलत बहीण

गेल्या वर्षीच्या अंकात मी कढीपत्त्याची कुंडी इथल्या थंडीतून कशी जगवावी ते लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर मंडळाच्या कार्यक्रमांत "अगं, आमच्या कढीपत्त्यालाही नवीन पालवी आली!" असं सांगणाऱ्या मैत्रिणी भेटत राहिल्या. लाडक्या झाडांबद्दल लिहिणं सोपं असतं. यंदा मात्र नावडत्या झाडांबद्दल लिहायचं ठरवलंय. त्याला कारण माझी लेक आणि तिने जून महिन्यात नदीकाठी विचारलेला एक प्रश्न. पण तो प्रश्न कळायला आधी माझी एक जुनी फजिती सांगायला हवी.

आम्ही मँचेस्टरला आलो त्या वर्षीचा भाद्रपद. लेक तेव्हा बाबागाडीत होती. माझं माहेर चिपळूणचं, आणि आमच्याकडे तेरड्याच्या गौरी. मुखवटे नाहीत, पितळी स्टँड नाहीत. पाणवठ्यावरून मुळासकट तेरड्याची रोपं आणायची, ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. इथे तेरडा कुठून आणणार, म्हणून कागदावर चित्र काढून पूजा करायची असं मी मनाशी ठरवलं होतं. आवाहनाच्या आदल्या दिवशी बाबागाडी ढकलत डिड्सबरीला मर्सी नदीच्या काठाने चालले होते, आणि पाहते तर काय, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच वाढलेला, गुलाबी फुलांनी लहडलेला तेरडा! तीच पिशवीसारखी फुलं, तीच पाणीदार लालसर कांडी, हात लावताच फट्कन फुटणाऱ्या त्याच शेंगा. गौरीने परदेशातही वाट काढली म्हणून माझे डोळे भरून आले. सहा रोपं उपटली, बाबागाडीला बांधली आणि मिरवत घरी आणली.

शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या होत्या. माझ्याकडे पाहून त्या अगदी हळू आवाजात "ओ डियर" म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला एवढं कळलंय, की इथली माणसं जेवढी हळू बोलतात तेवढी गोष्ट गंभीर असते. त्यांनी सांगितलं, हे हिमालयन बालसम, या देशातलं अतिशय नावडतं झाड, याचं एक बी पडलं तरी पुढच्या वर्षी अंगणभर होईल. मी कसंबसं सांगितलं, देवीसाठी आणलंय. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग घरात जाऊन कात्री आणि काळी पिशवी घेऊन आल्या. एकेक शेंग मुठीत धरून अलगद कापली आणि म्हणाल्या, "देवीला राहू दे. जायची वेळ झाली की नदीत टाकू नकोस, माझ्याकडे दे." तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य दाखवून मी गौरी त्यांच्या हाती सोपवल्या. पिशवी गच्च बांधून त्यांनी ती महिनोन् महिने उन्हात ठेवली. एवढं करूनही पुढच्या वसंतात आमच्या फरशीच्या भेगेतून दोन कोवळी रोपं वर आलीच.

नंतर मी या झाडाबद्दल वाचत गेले. तेरडा आणि हे एकाच कुळातले. दोघांचं शास्त्रीय नाव 'इम्पेशन्स' या शब्दाने सुरू होतं, म्हणजे अधीर, शेंगेला धीर नाही म्हणून. म्हणून मी त्याला तेरड्याची चुलत बहीण म्हणते. सहारनपूरच्या सरकारी बागेचे अधीक्षक असलेले डॉक्टर रॉयल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि १८३९ साली ते ब्रिटनमध्ये आलं. मोठ्या बागांमधून कौतुकाने लावलं गेलं. फुलाचा आकार पाहून लोकांनी त्याला 'पोलिसाचं हेल्मेट' असं लाडाचं नावही दिलं. मग ते कुंपणाबाहेर पडलं आणि नदीला लागलं.

नदीला लागल्यावर काय होतं ते मर्सीकाठी दिसतं. एकाच हंगामात हे झाड अडीच-तीन मीटर वाढतं. एका झाडाला आठशेपर्यंत बिया, आणि शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. उरलेलं काम पाण्याचा प्रवाह करतो. त्याच्या सावलीत काठावरची दुसरी झाडं टिकत नाहीत. बरं, थंडी पडली की हे स्वतः मरून जातं, मुळं उथळ, त्यामुळे काठ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. २०१० साली ते १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याच्या नवव्या परिशिष्टात घातलं गेलं, म्हणजे मोकळ्या रानात ते लावणं किंवा वाढेल असं काही करणं हा गुन्हा. मधमाश्यांना मात्र ते फार आवडतं. सप्टेंबरात पाठीवर पांढरी पावडर फासलेली माशी दिसली, तर ती याच फुलात शिरून आलेली असते.

आपण मात्र कासच्या पठारावर याच तेरड्याच्या जातीची गुलाबी फुलं बघायला तिकीट काढून जातो, आणि २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारशाचा मान मिळाला तेव्हा केवढा आनंद झाला होता!

तेव्हापासून मला नावडत्या झाडांची कुंडली बघायची सवय लागली. ज्यांनी इथे घर घेतलंय त्यांना जॅपनीज नॉटवीड हे नाव नीट ठाऊक असेल. घर विकताना भरायच्या फॉर्मवर त्याबद्दल वेगळा प्रश्न असतो आणि ते अंगणात निघालं तर कर्ज मिळताना नाकी नऊ येतात. या झाडाला १८४७ साली उट्रेख्टमध्ये वर्षातलं सगळ्यात लक्षवेधी नवं शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक मिळालं होतं! १८५० साली ते क्यू गार्डनला पोचलं आणि तिथून पुढे बागाबागांत वाटलं गेलं.

आता उलटी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी एका गार्डन सेंटरमध्ये उन्हाळी कुंड्यांच्या मानाच्या जागी मला आपली घाणेरी दिसली. होय, तीच, बांधावरची, केशरी-पिवळ्या-गुलाबी झुपक्यांची, जिची काळी फळं आम्ही शाळेतून येताना खायचो. इथे नाव लँटाना आणि किंमत बारा पौंड. मी सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बारा पौंडांत मी इथे दोन दिवस गडी लावून अख्ख्या बांधावरची घाणेरी काढून घेईन." घाणेरी मूळची अमेरिकेतली, इंग्रज अमदानीत शोभेसाठी आपल्याकडे आली आणि रानंच्या रानं व्यापून बसली. इंद्रायणी आणि पवनेचं पाणी झाकून टाकणारी जलपर्णीही तशीच, दक्षिण अमेरिकेतून, सुंदर जांभळ्या फुलांपायी आणलेली. इथे मात्र पहिल्याच कडाक्याच्या थंडीत घाणेरी मरते, म्हणून ती कुंडीतली राणी.

यंदा जूनमध्ये नदीकाठचं बालसम उपटायला स्वयंसेवक हवेत अशी पाटी दिसली. जुनी परतफेड करावी म्हणून लेकीला घेऊन गेले. काम मजेचं असतं. बुंध्याशी धरून ओढलं की मुळासकट हाती येतं. कांडं अर्ध्यात तुटलं तर खालच्या पेरातून पुन्हा फुटतं, म्हणून सगळ्यात खालचं पेर हाती यायला हवं. सांगणारे काका मोठ्या उत्साहाने समजावत होते, हे इथलं नाही, भारतातून आलंय, इथल्यांची जागा बळकावतं, म्हणून काढायचं. लेकीचे हात थांबले. तिने माझी बाही ओढली आणि मराठीत विचारलं, "आई, हे आपल्यासारखंच आहे ना? मग आपण त्याला का उपटतोय?"

काकांच्या मनात काही नव्हतं, ते झाडाबद्दलच बोलत होते. पण गेल्याच महिन्यात वर्गातल्या एका मुलाने तिला "तुम्ही परत कधी जाणार?" असं विचारलं होतं, हे मला माहीत होतं. पाच वर्षं शाळेत शिकवून मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. "घरी गेल्यावर सांगते," ही सगळ्या शिक्षकांची जुनी युक्ती मी वापरली.

घरी आल्यावर मी कागदावर चार रकाने आखले. एका बाजूला 'इथलं' आणि 'बाहेरचं', दुसऱ्या बाजूला 'आवडतं' आणि 'नावडतं'. म्हटलं, भर. बाहेरचं आणि नावडतं यात तिने लगेच बालसम आणि नॉटवीड लिहिलं. मग मी विचारलं, शरद ऋतूत मुलं कॉन्कर गोळा करून खेळतात ते झाड कुठलं? सुमारे चारशे वर्षांपूर्वी बाल्कन भागातून आलेलं. थंडीत पहिलं डोकावणारं स्नोड्रॉप? तेही बाहेरून आणून बागेत लावलेलं. बटाटा तर विचारूच नको. आणि हात लागला की आग होणारं नेटल, शेजारच्या आजी ज्याच्याशी भांडत असतात ते ब्रँबल आणि आयव्ही? ती तिन्ही इथलीच. चारही रकाने भरले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बाहेरचं असणं हे कारणच नाहीये."

बरोबर. मग कारण काय? हिमालयातल्या ओढ्याकाठी हेच बालसम गुण्यागोविंदाने राहतं, कारण तिथे त्याला कुरतडणारे किडे आहेत, त्याच्यावर पडणारा तांबेरा आहे. इथे आणणाऱ्यांनी फूल तेवढं आणलं, चाप लावणारे मागे राहिले. म्हणून तर २०१४ साली इथल्या शास्त्रज्ञांनी परवानगी घेऊन हिमालयातला तोच तांबेरा इथे सोडायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारा तांबेरा कुणी मुद्दाम आणेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मग आपण कॉन्करचं झाड?" लेकीने विचारलं.

मी म्हटलं, "आपण झाडच नाही, बाळा. झाडाला कुणी तरी आणतं आणि सोडून देतं. त्याला शेजारी कोण आहे ते दिसत नाही. आपण आपल्या पायांनी आलो, आणि आपल्याला शेजारच्या आजी दिसतात." तिला किती पटलं ते माहीत नाही. पण पुढच्या शनिवारी बूट घालून तीच आधी दारात उभी होती.

आता थोडं कामाचं. तुमच्या अंगणात किंवा जवळ हे झाड असेल तर फुलं यायच्या आत, मे ते जुलैमध्ये, मुळासकट काढा आणि तिथेच कोरड्या जागी सुकू द्या. बी मातीत दोनेक वर्षंच तग धरतं, त्यामुळे दोन-तीन वर्षं नेटाने काढलं तर जागा मोकळी होते. नदीकाठून आल्यावर बुटाचे तळवे झाडून घ्या. आणि गौरीसाठी कृपा करून माझ्यासारखं करू नका!

त्यापेक्षा आपला खरा गुलतेरडा कुंडीत लावा. इथल्या बियाणांच्या दुकानांत तो 'कॅमेलिया फ्लॉवर्ड बालसम' या नावाने मिळतो. एप्रिलमध्ये खिडकीत पेरा, थंडी सरली की मेअखेरीस बाहेर काढा. भाद्रपदापर्यंत फुलतो आणि कडाका पडला की संपतो, नदीच्या वाटेला जात नाही. यंदा आमच्या गौरी त्याच कुंडीतून मुळासकट घरात आल्या. पावलं लेकीने काढली. हळदीकुंकवाला शेजारच्या आजी आल्या, बराच वेळ वाकून फुलं निरखत बसल्या आणि सवयीने एकेक शेंग चाचपून पाहू लागल्या. लेकीने त्यांना सांगितलं, "ही दुसरी आहे. ही तीन दिवसांनी जाते."

पुरणपोळीचा डबा हाती देताना त्यांनी मला विचारलं, पुढच्या वर्षी त्यांच्यासाठीही एका कुंडीपुरतं बी ठेवशील का? ठेवलंय.