गाणी सीडीवर ठेवायची की हार्ड डिस्कवर?

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून सीडींचा खोका हमखास खाली येतो. "आता हे कोण वाजवतंय? सगळं हार्ड डिस्कवर भरू आणि खोका देऊन टाकू," असे घरात कोणीतरी म्हणतेच. पसारा कमी होणार म्हटल्यावर आपणही लगेच मान डोलावतो. पण जरा थांबा. दोन्हींचे गुणदोष आधी पाहू.

आवाज कशाचा चांगला? सीडी १९८२ साली प्रथम जपानमध्ये बाजारात आली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून तो नोंदवलेला असतो. हेच आकडे जसेच्या तसे डिस्कवर उतरवले, तर गाणे तेच राहते. पुढे फरक पडतो तो या आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या यंत्रामुळे आणि त्याहून जास्त स्पीकरमुळे. स्पीकर कपाटामागे कोंबून ठेवला, तर सीडी काय नि डिस्क काय, आवाज दबकाच येणार!

मात्र उतरवताना 'फ्लॅक' हा प्रकार निवडा. फ्लॅक म्हणजे शालू नीट घडी घालून ठेवणे. उलगडला की काठपदरासह जसाच्या तसा. 'एमपी-थ्री' म्हणजे घडी लहान व्हावी म्हणून थोडा काठ कापून टाकणे. प्रवासात ऐकायला ते चालते, पण जपून ठेवायची प्रत तशी नको.

जागा किती लागते? सीडीवरच्या एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० एमबी लागतात. म्हणजे तासाभराची सीडी सुमारे ६०० एमबी. फ्लॅकमध्ये ती साधारण निम्म्यावर येते. १ टीबीच्या, हाताच्या पंजाएवढ्या डिस्कवर दोन हजारांहून जास्त सीडी सहज मावतात. इथे डिस्कची बाजू भक्कम, यात शंकाच नाही.

मग धोका कुठे? सगळे दागिने एकाच डब्यात ठेवण्यात जो आहे, तोच इथे! सीडीवर ओरखडा गेला तर एक सीडी जाते; डिस्क बिघडली तर सगळाच संग्रह जातो. डिस्कच्या आत चकती वेगाने फिरत असते. चालू असताना ती टेबलावरून पडली किंवा लेकराने वायर ओढली, की कारभार आटोपला. म्हणून डिस्क उंच, पक्क्या जागी ठेवा आणि काढण्याआधी पडद्यावरून रीतसर बंद करा.

आता सर्वांत महत्त्वाचे. विकत घेतलेली गाणी पुन्हा मिळू शकतील. पण बारशाच्या ओव्या, आजोबांनी म्हटलेली आरती, असे घरी भरून घेतलेले आवाज कुठल्याच दुकानात मिळायचे नाहीत. अशा घरच्या सीडींवरची नोंद रंगाच्या पातळ थरात असते आणि उन्हाने, उष्णतेने तो थर खराब होतो. तेव्हा माळ्यावरचा खोका उघडलात की पहिला नंबर यांचा.

उतरवताना एवढे करा:

१. सीडी मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल नको. छापील बाजू जास्त नाजूक असते. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका.

२. नव्या बऱ्याच लॅपटॉपना सीडीचा कप्पा नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. शेजारीपाजारी मिळून एकच घेतला तरी चालेल.

३. नावे तिथल्या तिथे लिहा. नाहीतर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी शेकडो गाणी जमतात आणि हवे ते सापडत नाही. डब्यांवर चिठ्ठ्या लावतो ना, तसेच हे!

४. दोन डिस्कवर दोन प्रती करा. दुसरी प्रत शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा, माहेरी किंवा बहिणीकडे.

५. उतरवलेले ऐकून खात्री केल्याशिवाय कुठलीच सीडी टाकू नका. घरच्या आवाजांच्या सीडी तर त्यानंतरही ठेवाच.

आणि हो, सीडी प्लेयर चालू असेल तर विकायची घाई करू नका. घरात संगीत सर्वांत जास्त कोण ऐकते, ते आधी पाहा. सासूबाई पहाटे भजने ऐकत असतील तर त्यांचे गणित सोपे आहे: सीडी घातली, बटण दाबले, झाले. डिस्कवरून ऐकायचे तर पडदा, यादी, बारीक अक्षरे! मग दर वेळी "सूनबाई, जरा लावून दे गं" म्हणावे लागते आणि काही दिवसांनी त्या ऐकायचेच सोडून देतात. आपली सोय बघताना त्यांचा हा स्वतंत्र आनंद जायला नको.

वर्षातून एकदा लोणच्याची बरणी उघडून पाहावी, तशा दोन्ही डिस्क लावून पाहा. गाणी वाजताहेत ना? मग खुशाल झाकण लावा.