‘मन घट्ट कर’ एवढ्याने भागत नाही

गोंदिया जिल्ह्यात महाविद्यालयीन खेळाडूंच्या मानसिक आरोग्याचा विषय काढला, की चार उत्तरे हमखास येतात. रोज घाम गाळणाऱ्या पोराला कसलं डिप्रेशन? आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक? असले लाड केले की पोरं कच खातात. आणि शेवटचे : आधी बूट द्या, दूध-अंडी द्या, मनाचं मग बघू. ही उत्तरे देणारी माणसे बहुतेकदा खेळावर जीव असलेलीच असतात, म्हणून ती नुसती झटकून चालणार नाही.

व्यायामाने मन ताजे होते, हे खरेच. पण सकाळी मारलेली दौड वेगळी आणि जिच्या निकालावर नोकरी लटकली आहे ती स्पर्धा वेगळी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2019 मध्ये या विषयावर तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध केले. त्याच सुमारास झालेल्या संशोधन-आढाव्यात, खेळत असलेल्या अव्वल खेळाडूंपैकी सुमारे एकतृतीयांश जणांत चिंता किंवा नैराश्याची लक्षणे आढळली होती. नेमबाज अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला सुवर्णपदक जिंकले आणि त्यानंतरच आपल्याला नैराश्याने गाठले, हे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. जिंकणाऱ्याची ही गत असेल, तर निवड चाचणीत मागे पडलेल्या पोराचे काय?

त्या पोराच्या डोक्यावर पदकापेक्षा मोठे ओझे असते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे स्पर्धेचे सर्टिफिकेट म्हणजे धानाच्या बांधीतून बाहेर पडायची वाट. मैदानावर पळणाऱ्यांपैकी कितीतरी जण सोबत पोलीस भरतीचीही तयारी करत असतात. तिथे 1600 मीटरच्या धावेला गुण आहेत. अशा मुलाच्या मांडीचा स्नायू दुखावला, तर एक स्पर्धा हुकली म्हणून विषय संपत नाही. घरात ठरलेला सगळा हिशेब कोलमडतो.

‘आमच्या वेळी’ म्हणणारे दाखला देतात तो खाशाबा जाधवांचा. तो दाखला जरा पूर्ण सांगायला हवा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा ते जिथे शिकले त्या कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या इशीशी झालेली लांबलचक कुस्ती हरल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण तसे बजावून सांगायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. एकट्या जिगरीवर सगळे होते, असे या कथेतून कुठे दिसते? पाठीशी माणूस होता म्हणून ते तिथवर पोहोचले, आणि नेमक्या वेळी माणूस नव्हता म्हणून त्यांची पुढची वाट अडली.

कच खाण्याचे म्हणाल, तर जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली, तेव्हा तिलाही हेच ऐकवले गेले होते. उपचार आणि विश्रांती घेऊन ती परतली आणि 2024 मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले.

राहिला बुटांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. पोट रिकामे असताना समुपदेशन ही थट्टाच ठरेल. पण बूट आणि मन अशी निवड करायचीच का? आमगाव-देवरीकडच्या खेळाडूचा ताण पाहा : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, हिवाळी परीक्षा आणि घरची धानकापणी ही सगळी पावसाळ्यानंतरच्या त्याच काही महिन्यांत दाटीवाटीने येतात. निवडीसाठी नागपूर गाठायचे म्हणजे गोंदियाहून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. मुलगी असेल, तर त्याआधी घरची परवानगी. हजेरी कापली जाते, पेपर बुडतो, आणि वर सल्ला मिळतो, ‘टेन्शन घेऊ नको.’ इथे अर्धा उपचार वेळापत्रकातच आहे. स्पर्धेमुळे पेपर हुकला तर तो पुन्हा घेण्याची हमी, दुखापतीच्या खर्चाची सोय आणि दुखापतीच्या काळातही संघात जागा, एवढ्यानेच बरेच ओझे उतरेल.

उरलेल्या अर्ध्यासाठी माणूस लागतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमायचा आहे. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञासाठी नागपूर गाठण्याचे कारण नाही. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलते, मराठीतूनही. ऑलिंपिक समितीच्या मानसिक आरोग्य तपासणी-साधनाची सुरुवात अवघ्या दहा प्रश्नांनी होते; ते मराठीत आणून हंगामाच्या आरंभी विचारायला समुपदेशकाला एक दुपार पुरेल. उत्तरे चिंताजनक वाटली तर खेळाडूला तज्ज्ञाकडे पाठवायचे. निदान करणे हे या प्रश्नांचे काम नव्हे.

एक अट मात्र काटेकोर पाळावी लागेल. संघ निवडणाऱ्याच्या हाती ही उत्तरे पडता कामा नयेत. झोप लागत नाही असे लिहिले की नाव यादीतून उडते, अशी नुसती कुजबुज झाली तरी पुढच्या वर्षी सगळी मुले ‘मी ठणठणीत’ असेच लिहून देतील. म्हणून कागद समुपदेशकाकडेच राहावेत आणि हे प्रत्येक खेळाडूला आधीच सांगितलेले असावे. परीक्षा आणि स्पर्धांच्या तारखांचा मेळ नागपूर विद्यापीठाने घालायचा, समुपदेशक महाविद्यालयाने नेमायचा, आणि दोन्ही कामे निवड चाचण्या सुरू होण्याआधी, सत्राच्या पहिल्या महिन्यातच उरकायची.