कुटुंबाच्या वैद्यकीय व दंतोपचार खर्चाला प्राप्तिकरात वजावट मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जालना

महोदया,

साठीच्या आतील करदात्याने कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरला, तर कलम ८०डी अन्वये त्याला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. (प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत; येथे सर्वांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक दिले आहेत.) दवाखान्यात प्रत्यक्ष भरलेल्या पैशांपैकी मात्र ५,००० रुपयांपर्यंतची प्रतिबंधात्मक तपासणी तेवढी धरली जाते, तीही याच मर्यादेत. दातांच्या बाबतीत हा भेद सर्वाधिक जाचतो. रूट कॅनॉल, कवळी, मुलांच्या दातांच्या तारा हे उपचार बहुतेक पॉलिसींत अपघाताखेरीज बसत नाहीत. म्हणजे विम्याची भरपाई नाही आणि करात वजावटही नाही. कलम ८०डीडीबीखाली कर्करोगाच्या उपचारावर ४०,००० रुपयांपर्यंत, ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट आहे. गुटख्याने तोंड उघडेनासे झालेल्या माणसाने वेळीच घेतलेल्या उपचाराला ती नाही, रोग कर्करोगापर्यंत गेला की आहे. हा क्रम उलटा आहे.

प्रत्यक्ष खर्चावर वजावट हे तत्त्व सरकारला अमान्य आहे असेही नाही. विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या औषधोपचारावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट याच ८०डी कलमात मिळते. मग वयाची अट कशासाठी? नोकरदारांना मिळणारी १५,००० रुपयांची करमुक्त वैद्यकीय प्रतिपूर्ती २०१८च्या अर्थसंकल्पाने काढली आणि तिच्या जागी प्रमाणित वजावट आणली. तीही पगारदार व निवृत्तिवेतनधारकांपुरतीच. जालन्याच्या मोंढ्यातील अडत्या, बियाणे विक्रेता किंवा रोलिंग मिलला माल पुरवणारा लहान व्यावसायिक आधीही बाहेर होता, आजही बाहेरच आहे. म्हणून साठीखालील कुटुंबाच्या, विम्याने न भरून निघालेल्या खर्चालाही ५०,००० रुपयांपर्यंत वजावट द्यावी आणि त्यात दंतोपचाराचा स्पष्ट उल्लेख असावा, ही आमची मागणी आहे.

खोटी बिले येतील, हा पहिला आक्षेप. ज्येष्ठांच्या खर्चासाठी रोखीने भरलेली रक्कम आजही चालत नाही. तोच नियम येथे लावावा आणि बिलावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा. रुग्ण पक्के बिल मागू लागला की दवाखान्याचे उत्पन्नही आपोआप नोंदीत येईल, हा सरकारचाच लाभ. महसूल बुडेल असे वाटत असेल, तर उंबरठा ठेवावा. अमेरिकेत समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरील वैद्यकीय व दंत खर्चच वजावटीस पात्र ठरतो. आपल्याकडे तीन टक्के पुरेसे ठरतील.

नवी करप्रणाली वजावटीविना सुटसुटीत ठेवायची आहे, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण त्याच प्रणालीत राष्ट्रीय पेन्शन योजनेतील मालकाच्या अंशदानाला वजावट ठेवलेली आहे. म्हातारपणाच्या तरतुदीसाठी अपवाद होतो, तर आजारपणासाठीही तो व्हावा. जुन्या प्रणालीपुरती दिलेली सवलत बहुतेकांच्या उपयोगाची राहणार नाही. ज्यांना कर लागतच नाही, त्या शेतमजुरांना या वजावटीतून काही मिळणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. त्यांच्यासाठी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत दंतोपचार वाढवण्याची मागणी राज्य शासनाकडे स्वतंत्रपणे करावी लागेल. प्रस्तुत मागणीचा विचार येत्या वित्त विधेयकात व्हावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
जालना जिल्ह्यातील करदाते नागरिक