आधी मात्रा मोजा

‘मोठ्यांसाठी जमत नसेल तर बालकविता लिही’, हा सल्ला नवकवींना दिला जातो तेव्हा माझं डोकं फिरतं. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणाऱ्या विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ही लिहिला. तो काय हात साफ करायला?

मुक्तछंदात लपता येतं, इथे नाही. ह्रस्व अक्षराची 1 मात्रा, दीर्घाच्या 2. जोडाक्षराचा आघात आला तर आधीच्या ह्रस्वाच्याही 2. ‘खारूताई गच्चीवरती’ मोजा : 8 आणि 8, झाल्या 16. चार वर्षांचं पोर काही न मोजता त्यावर उड्या मारतं. पुढे ‘पर्यावरणाचे रक्षण करूया’ आलं की मात्रा होतात 19 आणि पोर अडखळतं. मोठे मात्र टाळ्या वाजवतात, कारण संदेश आला! (स्पर्धांचे परीक्षकही मोठेच असतात.)

बोबडं लिहिणारे तर वेगळेच. अहो, मुलं बोबडं बोलतात, पण त्यांना ऐकायला नीट मराठीच लागतं.

शिकायचंय? यमकं जुळवणं थांबवा. ओळ टाळीवर म्हणा. मग एखाद्या पोराला ऐकवा. ‘परत म्हण’ असं ते म्हणालं नाही, तर ओळ खोडा, पोराला समजावत बसू नका.