‘वय झालं’ या उत्तरापलीकडे

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. एखाद्या आजोबांचे बोट यंत्रावर उमटत नाही, एखाद्या आजींना मोबाइलवर आलेले आकडे वेळेत सांगता येत नाहीत, आणि रांगेतले कोणीतरी सहज म्हणते, “जाऊ द्या, वय झालं आता त्यांचं.” या वाक्यात दुष्टावा नसतो, बहुतेकदा कणवच असते. तरीही आम्हाला हे वाक्य घातक वाटते, कारण ते स्पष्टीकरणाचा आव आणून प्रश्नच मिटवून टाकते. यंत्र कसे आहे, त्यावरची भाषा कशी आहे, उजेड किती आहे, वेळ किती दिला आहे, यांपैकी काहीही मग विचारावे लागत नाही. सगळा दोष वयाच्या खात्यात जमा होतो.

मानसशास्त्राच्या एका प्राध्यापकाने आपली सारी कारकीर्द हाच हिशेब तपासण्यात घालवली. त्यांचे नाव नील चार्नेस. माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातून पदवी घेऊन ते अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात गेले आणि १९७४ साली त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळवली. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांचा बुद्धिबळपटूंच्या स्मरणावरचा गाजलेला अभ्यास तेथेच १९७३ साली प्रसिद्ध झाला होता. निष्णात खेळाडूची स्मृती मुळातच अलौकिक नसते. हजारो ओळखीच्या रचना त्याच्या मनात साठलेल्या असतात आणि त्यांच्या आधारे तो पट ‘वाचतो’, हे त्या अभ्यासाचे सार. चार्नेस यांनी या प्रश्नाला वयाची जोड दिली. खेळाडू म्हातारा झाला की त्याचे नेमके काय कमी होते, हा त्यांचा प्रश्न होता.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सोळा ते चौसष्ट वर्षे वयाचे चौतीस बुद्धिबळपटू होते. पटावरची मांडणी आठवून पुन्हा लावण्यात वयस्क खेळाडू मागे पडले. मात्र चांगली चाल निवडायची वेळ आली तेव्हा वय नव्हे, कौशल्य निर्णायक ठरले. तितक्याच कौशल्याचा वयस्क खेळाडू तरुणाइतकीच चांगली चाल निवडत होता, आणि तीही कमी वेळात. टिमथी सॉल्टहाउस या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली टंकलेखकांबाबत असेच काही दाखवून दिले. वयस्क टंकलेखकांची बोटे सुटी मोजली तर मंद झालेली होती, पण प्रत्यक्ष टंकनाचा वेग टिकून होता, कारण त्यांची नजर मजकुरात तरुणांपेक्षा अधिक पुढची अक्षरे टिपत होती. म्हणजे वय काही हिरावून घेते हे खरे. पण मुरलेले ज्ञान त्याची भरपाई करते, हेही तितकेच खरे.

येथेच थांबून एखाद्याने आयुष्यभर बुद्धिबळावर निबंध लिहिले असते. चार्नेस तसे थांबले नाहीत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात बरीच वर्षे शिकवून १९९४ साली ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गेले. (पुढे तेथील त्यांच्या अध्यासनाला गुरू विल्यम चेस यांचेच नाव होते.) मुरलेले ज्ञान माणसाला तारत असेल, तर ज्या यंत्राबाबत ते ज्ञान असूच शकत नाही अशा नव्या यंत्रासमोर वृद्धाचे काय होते, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. तो पहिल्या प्रश्नातूनच निघाला होता. १९९९ साली मायामी, जॉर्जिया टेक आणि फ्लोरिडा स्टेट या तीन विद्यापीठांतील अभ्यासकांनी वार्धक्य आणि तंत्रज्ञान यांच्या संशोधनासाठी एक संयुक्त केंद्र उभारले; त्यात ते होते. त्याच वर्षीच्या एका अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने घरे, कचेऱ्या आणि सार्वजनिक जागांतला उजेड मोजून छापील मजकुराच्या वाचनीयतेशी ताडून पाहिला. २००१ च्या अभ्यासात संगणकावर मजकूर लिहायला शिकणाऱ्या नवख्यांना आज्ञा पाठ करून कळा दाबण्यापेक्षा यादी आणि चिन्हे समोर दिसणारी मांडणी सोपी गेली. २००४ साली त्यांच्या गटाने दाखवले, की माउसऐवजी पडद्यावर थेट टेकवायची लेखणी हाती दिली आणि थोडा सराव होऊ दिला, की वयामुळे पडणारे अंतर बरेच कमी होते. माणूस तोच, वयही तेच. साधन बदलले आणि ‘म्हातारपण’ कमी झाले!

आता हे सारे घेऊन आपण कर्जत-खालापुरात येऊ. येथे नोकरीतून निवृत्त झालेल्यांपेक्षा शेतावर, वीटभट्टीवर, कारखान्यात राबून थकलेले वृद्ध अधिक. रेशनच्या धान्यासाठी यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. पन्नास वर्षे भाताची लावणी आणि बेणणी केलेल्या, लाकूडफाटा वाहिलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्या हाताला ओळखत नाही, याचा अर्थ तो हात चुकीचा आहे असा नव्हे. श्रमाच्या हाताचा विचार करून ते यंत्र बनवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. केंद्र शासनाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली. तिच्यातही आधी बोटाचा ठसा किंवा डोळ्याची बुबुळे लागत, चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ साली आली. सोय चांगलीच आहे. पण या सात वर्षांत ज्यांची बोटे उमटली नाहीत, त्यांना ‘वय झालं’ हेच उत्तर मिळत राहिले.

ओटीपीचेच पाहा. संदेश येतो, पडद्यावर क्षणभर झळकतो आणि जातो. ते आकडे डोक्यात धरून दुसऱ्या पडद्यावर जायचे, लहानशा चौकटीत ते भरायचे आणि ठरावीक वेळ संपण्याआधी हे सारे उरकायचे. मानसशास्त्राच्या भाषेत ही हाती धरलेल्या स्मृतीची आणि वेगाची परीक्षा झाली, म्हणजे वाढत्या वयात ज्या दोन गोष्टी प्रथम उणावतात त्यांचीच. जी शक्ती शाबूत असते, म्हणजे अनुभव, ओळख, व्यवहाराची जाण, तिला या परीक्षेत एकही गुण नाही. त्यातून कष्टाने एकदा पाठ केलेली वाट पुढच्या अद्ययावतीकरणात बदलते. बुद्धिबळाचा पटच दर सहा महिन्यांनी बदलला, तर जगज्जेताही नवखाच ठरेल.

कर्जतकरांना हे सांगायला फ्लोरिडाचा दाखला खरे तर नको. बोरघाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना म्हणून कर्जत स्थानकात मागून बँकर इंजिने जोडली जातात. या इंजिनांमुळे मुख्य इंजिनाला कोणी दुबळे ठरवत नाही; चढ मोजलेला असतो आणि चढाइतका जोर जोडलेला असतो. वृद्ध आणि यंत्र यांच्या बाबतीत आपण मात्र चढ मोजतच नाही, फक्त इंजिनाचे वय विचारतो.

यात आम्हा मराठीच्या अध्यापकांचाही संबंध येतो, कारण या चढाचा मोठा भाग भाषेचा आहे. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’, ‘आपले सत्र कालबाह्य झाले आहे’, ‘वैध क्रमांक प्रविष्ट करा’ ही मराठी कोणाची? कशेळे किंवा चौकच्या बाजारात उभ्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला ‘सत्र’ म्हटले की फार तर शाळा आठवेल. ‘बराच वेळ काही दाबले नाही, म्हणून काम थांबले. पुन्हा पहिल्यापासून करा’ असे लिहिले तर काय बिघडते? मराठीकरण झाले म्हणून आपण समाधान मानतो. पण इंग्रजी शब्दाच्या जागी संस्कृत शब्द ठेवल्याने वाचणाऱ्याच्या हाती काय लागले, हे कोणी तपासत नाही. चार्नेस यांच्या परंपरेचा खरा धडा हाच आहे: मजकूर सोपा आहे की नाही हे लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते, तो वापरणाऱ्यासमोर ठेवून पाहायचे असते.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा, की ही अडचण एका पिढीपुरती आहे. आजचे तरुण म्हातारे होतील तेव्हा ती उरणार नाही. हे खरे नाही. आजचा तरुण आजच्या मोबाइलमध्ये मुरलेला आहे. त्याच्या सत्तरीत समोर असणारे यंत्र वेगळे असेल आणि त्याची स्मृती व वेग तेव्हा ओसरलेले असतील. दुसरा आक्षेप घरगुती आहे: नातवंडे करून देतातच की! देतात, आणि ते लोभसही आहे. पण गुप्त क्रमांक दुसऱ्याच्या हाती, पैसे दुसऱ्याच्या बोटावर आणि जमा-खर्चाची माहिती दुसऱ्याच्या सवडीने, अशी ही व्यवस्था आहे. आयुष्यभर स्वतःचा व्यवहार स्वतः पाहिलेल्या माणसाला ती परावलंबी करते. शिवाय ज्यांची नातवंडे मुंबईला किंवा परदेशी आहेत, त्यांनी काय करायचे?

तंत्रज्ञान हाच एकाकीपणावर उतारा, असाही आमचा दावा नाही. वर उल्लेखिलेल्या केंद्राने पासष्टीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या तीनशे जणांवर एक प्रयोग केला. काहींना मुद्दाम सोपा बनवलेला संगणक दिला आणि शिकवला, तर इतरांना तीच माहिती छापील वहीत दिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकवाल्यांचा एकाकीपणा सहा महिन्यांनी अधिक कमी झालेला आढळला. वर्ष सरताना हा फरक तितकासा उरला नाही. अभ्यासकांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. असा प्रामाणिकपणा हे दीर्घ कारकिर्दीचे फळ असते, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडे काय आहे? मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी पार पाडली. पंचेचाळीस वर्षे आणि त्यापुढील वयाच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती तीत आहे, आणि ते काम मोलाचे आहे. पण मोठी पाहणी आजार, उत्पन्न, कुटुंब मोजते. एका आजींचे बोट कोणत्या बटणापाशी अडते, हे तिच्यात दिसत नाही. ते पाहायला शेजारी बसावे लागते. आणि शेजारी बसणे हे तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना जितके शक्य आहे तितके कोणत्याही महानगरी संस्थेला नाही. कर्जत-खोपोलीत महाविद्यालये आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थी आहेत, वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या मुलामुलींच्या घरी आजी-आजोबा आहेत. मानसशास्त्राच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक अर्ज, एक संदेश, एक पडदा घ्यावा. दहा वृद्धांसमोर ठेवावा. ते कोठे अडतात ते लिहून काढावे. मजकूर बदलावा आणि पुन्हा पाहावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि गुणांकनासाठी विषय बदलत न राहता एकाच प्रश्नापाशी वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी. आमच्या व्यवसायात तीच दुर्मीळ झाली आहे.

तोवर शासनाने आणि बँकांनी किमान एक करावे: यंत्र आणताना खिडकी बंद करू नये. यंत्राने ओळखले नाही तर माणसाने ओळखावे, अशी कायमची सोय हवी, आणि ती उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून. बुद्धिबळाच्या पटावर म्हाताऱ्या खेळाडूने तरुणाइतकीच चांगली चाल निवडली, त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला. त्याच्यासमोर त्याला वाचता येईल असा पट मांडणे, एवढेच आपल्याकडे बाकी आहे.